वजन उचलायला वय आडवे येते का?
भोईवाडा, परळ, लालबाग या गिरणगावात व्यायामशाळा पुष्कळ. पण तिथले लोखंड तरुणांचे. साठी उलटली की 'आता जड उचलू नका' हा सल्ला तुम्हीही ऐकला असेल.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी डॉक्टर थॉमस डीलॉर्म यांनी जखमी सैनिकांचे वजन टप्प्याटप्प्याने वाढवत स्नायू बळकट केले. १९९० साली बोस्टनच्या डॉ. मारिया फियाटारोन यांनी नव्वदीच्या १० अशक्त वृद्धांना तोच मार्ग दिला. ९ जणांनी ८ आठवडे पूर्ण केले. मांडीची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली.

चाळीचा जिना चढायला हीच ताकद लागते. रक्तदाब, हृदय तपासून घ्या आणि जाणकाराच्या देखरेखीखाली हलक्या वजनाने सुरुवात करा.