नॅन्टिकोक सौर ऊर्जा प्रकल्प

नॅन्टिकोक सौर ऊर्जा प्रकल्प : कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतात, ईरी सरोवराच्या उत्तर किनाऱ्यावर, बंद झालेल्या कोळसा वीजकेंद्राच्या परिसरात उभारलेला प्रकल्प. क्षमता ४४ मेगावॉट. कार्यारंभ २०१९.

पूर्वीचे औष्णिक केंद्र : आठ संचांचे हे केंद्र १९७८ पर्यंत पूर्ण झाले. ३,९६४ मेगावॉट क्षमतेमुळे ते उत्तर अमेरिकेतील सर्वांत मोठे कोळसा वीजकेंद्र ठरले. कोळसा अमेरिकेतून जहाजांनी येई. हिवाळ्यात सरोवरातील वाहतूक थांबत असल्याने आवारात कोळशाचे मोठे ढीग आधीच रचून ठेवावे लागत. कोळशाची बारीक पूड करून ती बाष्पकात जाळली जाई आणि धूर १९८ मीटर उंचीच्या दोन चिमण्यांतून बाहेर पडे.

कोळसाबंदी : २००३ मध्ये प्रांताची सुमारे एक-चतुर्थांश वीज कोळशावर तयार होत असे. धुरके, पारा व सल्फर डायऑक्साइड यांमुळे आरोग्याचा प्रश्न गंभीर झाल्यावर प्रांतिक सरकारने कोळसा केंद्रे बंद करण्याचे ठरवले. २००७ ची पहिली मुदत टळली. नॅन्टिकोकमध्ये कोळसा जाळणे २०१३ अखेरीस थांबले. २०१४ मध्ये थंडर बे येथील केंद्राचाही कोळसा बंद झाला आणि ऑन्टॅरिओ कोळशाच्या विजेतून मुक्त झाला. पुढच्याच वर्षी तसा कायदाही झाला. २०१८ च्या फेब्रुवारीत सुरुंग लावून दोन्ही चिमण्या पाडण्यात आल्या.

सौर प्रकल्प : ऑन्टॅरिओ पॉवर जनरेशन या सरकारी कंपनीने सिक्स नेशन्स ऑफ द ग्रँड रिव्हर व मिसिसॉगाज ऑफ द क्रेडिट या मूलनिवासी समाजांच्या भागीदारीत तो उभारला. सुमारे २६० एकरांवर १,९२,००० च्या आसपास पॅनेल आहेत. त्यांतून मिळणारा एकदिश प्रवाह इन्व्हर्टरमध्ये प्रत्यावर्ती होतो व रोहित्रातून दाब वाढवून वीजजाळ्यात सोडला जातो. औद्योगिक वापराची जमीन आणि पारेषणाची सोय हाताशी असल्याने नवी शेतजमीन घेण्याची गरज उरली नाही.

मूल्यमापन : जागा तीच असली, तरी सौर क्षमता जुन्या केंद्राच्या सुमारे नव्वदाव्या भागाइतकीच आहे, शिवाय रात्री निर्मिती शून्य. कोळशाची पोकळी मुख्यतः पुन्हा सुरू केलेल्या अणुभट्ट्या, नैसर्गिक वायू, पवनऊर्जा व वीजबचत यांनी भरून काढली. त्यामुळे हा प्रकल्प औद्योगिक जमिनीच्या पुनर्वापराचे उदाहरण म्हणून महत्त्वाचा आहे. कोळशाला एकट्या सौरऊर्जेने पर्याय दिल्याचा दाखला म्हणून नव्हे.