नैराश्य, स्वभाव आणि पालकत्व : संबंध किती, दोष किती?

भिलाई (छत्तीसगढ) : १९५५ मध्ये झालेल्या भारत-सोव्हिएत करारातून भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला. १९५९ मध्ये त्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि नोकरीच्या निमित्ताने देशाच्या अनेक भागांतील कुटुंबे, त्यांत मराठी भाषकही, येथील सेक्टरांमध्ये स्थायिक झाली. पुढे हे शहर अभियांत्रिकी प्रवेश परीक्षेच्या शिकवण्यांसाठी ओळखले जाऊ लागले. २०१६ मध्ये आयआयटी भिलाईचीही स्थापना झाली. शिस्त, परीक्षा आणि अपेक्षा यांत वाढणाऱ्या मुलांच्या संदर्भात एक प्रश्न वारंवार विचारला जातो : पालकांच्या वागण्यातून पुढे नैराश्य येते का?

पालकत्वाच्या शैली

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांनी १९६० च्या दशकात पालकत्वाच्या तीन शैली मांडल्या. माया आणि शिस्त यांचा मेळ घालणारी समतोल, आज्ञापालनावर भर देणारी हुकूमशाही आणि फारशी बंधने न घालणारी मोकळीक देणारी. मॅकोबी आणि मार्टिन यांनी १९८३ मध्ये दुर्लक्ष करणारी ही चौथी शैली जोडली. ऑस्ट्रेलियाचे मनोविकारतज्ज्ञ गॉर्डन पार्कर आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये आईवडिलांच्या आठवणींवर आधारित प्रश्नावली तयार केली. तिच्यात जिव्हाळा आणि अतिसंरक्षण हे दोन घटक मोजले जातात. जिव्हाळा कमी व नियंत्रण जास्त, अशा घरांच्या आठवणी नैराश्यग्रस्तांमध्ये अधिक आढळतात.

स्वभावाचा दुवा

नैराश्याशी सर्वाधिक दृढ संबंध आढळणारा व्यक्तिमत्त्वगुण म्हणजे न्यूरोटिसिझम, अर्थात चिंता, अपराधीपणा आणि उदासी यांकडे असलेला कल. सिडनी ब्लाट यांनी नैराश्याची दोन रूपे वर्णिली आहेत. एकात माणूस दुसऱ्याच्या आधाराविना कोलमडतो, तर दुसऱ्यात तो स्वतःलाच सतत दोषी ठरवतो. चूक झाली की माया आटते, असा अनुभव ज्या मुलाला वारंवार येतो, त्याच्या मनात बाहेरचा टीकेचा आवाज हळूहळू स्वतःचाच होतो, असे या विचाराचे सार आहे.

निष्कर्षांच्या मर्यादा

मात्र संबंध म्हणजे कारण नव्हे. ४५ अभ्यासांच्या २००७ मधील एकत्रित विश्लेषणात बालवयातील नैराश्यातील फरकांपैकी सुमारे ८ टक्केच फरक पालकत्वाशी निगडित आढळला. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांनुसार तीव्र नैराश्यात आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ३७ टक्के आहे. ज्या पालकांकडून वागणूक मिळते, त्यांच्याकडूनच जनुकेही येतात; त्यामुळे दोन्ही प्रभाव वेगळे करणे कठीण ठरते. शिवाय हळव्या किंवा चिडखोर मुलाशी पालकही वेगळे वागतात, म्हणजे परिणाम उलट दिशेनेही होतो. उदास मनाला भूतकाळ अधिक काळा दिसतो, ही शंकाही घेतली जाते. मात्र सिडनीतील २० वर्षांच्या पाठपुराव्यात आईवडिलांविषयीच्या आठवणी बऱ्याच अंशी स्थिर राहिल्या.

म्हणूनच नैराश्यग्रस्ताच्या आईवडिलांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे शास्त्राला धरून नाही. तसेच ‘आम्हीही मार खाऊन मोठे झालो’ असे म्हणून रुग्णाचा अनुभव झटकून टाकणेही योग्य नाही.

उपचारांची दरी

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण (२०१५-१६) छत्तीसगढसह १२ राज्यांत झाले. त्यानुसार सुमारे २० प्रौढांपैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्य येते. तीव्र नैराश्याच्या सुमारे ८५ टक्के रुग्णांना उपचार मिळत नाहीत. समुपदेशन, मनोपचार आणि गरजेनुसार औषधे यांनी नैराश्य बरे होऊ शकते. स्वभावाचा कल हा अटळ प्राक्तन नव्हे. स्वतःला दोष देण्याची सवय उपचारांत ओळखता आणि बदलता येते.

दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी, झोप किंवा भूक बिघडणे, कशातच रस न वाटणे, अशी लक्षणे दिसल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. आत्महत्येचे विचार येत असल्यास दोन आठवडे थांबू नये. त्वरित मदत घ्यावी. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य उपलब्ध आहे.