यमू बोलते, फुलमणी बोलत नाही

मित्रांनो, स्त्रियांच्या मृत्यूंवर संशोधन करणार असाल, तर आधी एक प्रश्न वहीत लिहून ठेवा: मेलेल्या बाईबद्दल बोलतंय कोण?

1890 साल घ्या. ह. ना. आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी ‘करमणूक’मध्ये येऊ लागली. यमू विधवा होते, तिचं केशवपन होतं, शेवटी ती मरते. पण आपली कहाणी ती स्वतः सांगते. त्याच साली कलकत्त्यात फुलमणी दासीचा खटला चालला. दहा-अकरा वर्षांची ही पोर नवऱ्याच्या बळजबरीने मेली. संमतिवय तेव्हा दहा होतं, म्हणून बलात्काराचा गुन्हा लागला नाही. नवऱ्याला फक्त एक वर्ष सक्तमजुरी झाली. 1891 मध्ये कायद्याने वय बारा केलं. खटल्याच्या कागदांत आई, डॉक्टर, न्यायाधीश बोलतात, फुलमणी नाही. आणि यमूचा आवाज? तोही एका पुरुषाने लिहिलेला.

आम्हा पातूरकरांना शेजारच्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे म्हणूनच जवळच्या वाटतात. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला बालहत्येसाठी फाशी सुनावली गेली (पुढे ती कमी झाली). त्यावर वर्तमानपत्रांनी सगळ्या बायकांनाच धारेवर धरलं. ताराबाईंनी 1882 मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून विचारलं, दोष एकट्या बाईचाच कसा?

पुढचा कागद उघडाल, तेव्हा वहीतला प्रश्न आधी वाचा.