कार्ल्याचा गांधिक आणि डहाणूचे नाव

कार्ले येथील चैत्यगृहाचे द्वार धेनुकाकटच्या सिंहदत्त नामक गांधिकाने, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याने, दान दिल्याचे तेथील ब्राह्मी लेखात नमूद आहे. धेनुकाकट म्हणजेच डहाणू, असे काही अभ्यासकांनी मानले. ते ग्राह्य ठरल्यास डहाणूस गंधव्यापाराची दोन सहस्र वर्षांची परंपरा लाभते. म्हणूनच हे मत तपासून घेणे अगत्याचे आहे.

नहपानाचा जावई उषवदात याने ज्या नद्यांवर मोफत नावांची सोय केली, त्यांत पारदा, दमण, तापी यांबरोबर ‘दाहनुका’ हे नाव नाशिकच्या लेखात येते. ‘डहाणू’ त्याच्याशी सरळ जुळते. जवळजवळ एकाच काळी दोन्ही नावे स्वतंत्र नांदत असता, ‘धेनुका’तील महाप्राण ‘ध’चा ‘द’ कसा झाला, ‘हकार’ मध्ये कोठून शिरला आणि ‘कट’ गेला कोठे, याचा उलगडा ध्वनिनियमांनी होत नाही. केवळ कानाला साम्य भासणे हा पुरावा नव्हे. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी धेनुकाकट कार्ल्याच्या परिसरातच शोधले, ते अधिक सयुक्तिक. सिंहदत्ताची पेठ अशा रीतीने घाटावर जाते.

तलासरीलगतच्या संयानाशी (संजाण) अरबांचा संबंध मात्र चिंचणीच्या शके ८४८ (इ. स. ९२६) च्या ताम्रपटाने निर्विवाद सिद्ध होतो, तेथील अधिकारी मधुमति, म्हणजे मुहम्मद, हा ताजिक होता. मराठीत आज विक्रेत्याचे जुने नाव ‘गांधी’ आडनावापुरते उरले असून मालाचे नाव, ‘अत्तर’, अरबी आहे.