कागद वाचून दाखवणारा शेजारी

आमच्या शाळेच्या संगणक खोलीतील दोन जुन्या यंत्रांवर फायरफॉक्स हा ब्राउझर नव्याने बसवला, त्या दिवशीची गोष्ट. पडद्यावर एक चौकट उघडली. अटी मान्य करा आणि पुढे चला, असा तिचा मतितार्थ. नववीतल्या मुलाने विचारले, "सर, मान्य म्हणून दाबू का?" मी "दाब रे" म्हणणार, तोच त्याने पुढे विचारले, "पण यात लिहिलंय काय?"

तीस वर्षे मी इतिहास शिकवतो. साधन तपासल्यावाचून विधान करू नये, हे दरवर्षी नव्या वर्गाला सांगतो. आणि येथे न वाचलेल्या कागदावर मुलाला होकार द्यायला लावत होतो! मला वडिलांची आठवण झाली.

वडील मराठी चौथी शिकलेले. मी पाचवीत असताना विहिरीवर मोटर बसवण्यासाठी त्यांनी कर्ज काढायचे ठरवले. कागद आला तो कन्नडमध्ये. शेजारी कन्नड शाळेतले मास्तर राहत. आम्ही मुले त्यांना मामा म्हणत असू. संध्याकाळी कट्ट्यावर कंदील ठेवून मामांनी तो कागद ओळीओळीने वाचला आणि मराठीत अर्थ सांगितला. एका ठिकाणी थांबून म्हणाले, "दादा, ही ओळ तेवढी नीट ऐका. व्याज पुढं कधीपण वाढवायचा हक्क त्यांनी ठेवून घेतलाय की हो." वडिलांनी सही केली, कारण गरज होती. पण काय लिहून देत आहोत, हे समजून केली.

फायरफॉक्सच्या अटींवरून फेब्रुवारी २०२५ मध्ये जगभर जी खळबळ माजली, तिचे मर्म मला या कट्ट्यावरच्या प्रसंगात दिसते. मात्र त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात १९९३ साली मोझेक हा ब्राउझर तयार झाला आणि इंटरनेट सामान्य माणसाच्या आवाक्यात आले. तो घडवणाऱ्यांपैकी मार्क अँड्रीसन यांनी जिम क्लार्क यांच्यासह १९९४ मध्ये नेटस्केप ही कंपनी काढली. त्याच वर्षी तेथील लू मोंटुली यांनी 'कुकी' शोधून काढली. संकेतस्थळाने आपल्या संगणकावर ठेवलेली ही एक बारीकशी नोंद. पुन्हा आलेला माणूस ओळखावा, एवढाच तिचा मूळ हेतू. सामान्य लोकांना तिचा पत्ता लागला तो १९९६ मध्ये वृत्तपत्रांतून, आणि तेव्हाच पहिली शंका उमटली. मराठीत ब्राउझरला काहींनी 'न्याहाळक' म्हटले आहे. जग न्याहाळणारे हे साधन उलट आपल्यालाच तर न्याहाळत नाही ना, ही ती शंका.

पुढे मायक्रोसॉफ्टने आपला ब्राउझर विंडोजबरोबर फुकट दिला आणि नेटस्केपची पीछेहाट झाली. तेव्हा ३१ मार्च १९९८ रोजी कंपनीने आपल्या ब्राउझरची मूळ संहिता सर्वांसाठी खुली केली. त्या प्रकल्पाचे नाव मोझिला. जुलै २००३ मध्ये मोझिला फाउंडेशन ही विनानफा संस्था उभी राहिली आणि ९ नोव्हेंबर २००४ रोजी फायरफॉक्सची पहिली आवृत्ती बाहेर पडली. पुढच्याच महिन्यात 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये तिची दोन पानी जाहिरात झळकली. तिचा खर्च लोकवर्गणीतून झाला होता आणि वर्गणी देणाऱ्या हजारो लोकांची नावे तिच्यात बारीक अक्षरांत छापली होती. फायरफॉक्स लोकांना आपला वाटू लागला तो असा. २००८ मध्ये गूगलचा क्रोम आला आणि काही वर्षांत वरचढ ठरला. तरीही अनेकजण फायरफॉक्सला धरून राहिले. तुमची माहिती आम्ही कधी विकली नाही आणि कधी विकणार नाही, असा स्वच्छ शब्द संस्थेने आपल्या संकेतस्थळावरील प्रश्नोत्तरांत दिला होता.

येथे एक विसंगती सांगितली पाहिजे. या संस्थेचे बहुतेक उत्पन्न वर्षानुवर्षे गूगलकडूनच येत आले आहे. ब्राउझरमध्ये शोधयंत्र म्हणून गूगल आधीपासून बसवून दिल्याबद्दल हा मोबदला मिळतो. म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्याच पैशावर घर चालायचे आणि दारावर पाटी वेगळेपणाची!

२६ फेब्रुवारी २०२५ रोजी मोझिलाने फायरफॉक्ससाठी प्रथमच वापराच्या अटी जाहीर केल्या. ब्राउझरमधून तुम्ही जी माहिती भराल, ती वापरण्याचा जगभराचा, विनामोबदला परवाना तुम्ही संस्थेला देता, अशा आशयाचे एक वाक्य त्यांत होते. लोक चमकले. पत्र पोहोचवणाऱ्या पोस्टमनने पत्रातल्या मजकुरावर हक्क का मागावा? त्याच सुमारास 'कधी विकणार नाही' हा जुना शब्दही संकेतस्थळावरून काढल्याचे दिसून आले. संस्थेच्या संकेतस्थळाची संहिता खुली असल्याने कोणती ओळ गेली आणि कोणती आली, ते लोकांना शेजारी शेजारी ठेवून वाचता आले.

दोनच दिवसांत, २८ फेब्रुवारीस, संस्थेने वाक्य बदलले. परवाना केवळ तुम्ही सांगाल ते काम करण्यापुरता आहे आणि तुमच्या मजकुरावर आमची मालकी येत नाही, असा खुलासा झाला. जुना शब्द मात्र निरपवाद रूपात परत आला नाही. 'विक्री' या शब्दाची कायद्यातील व्याख्या काही ठिकाणी फार व्यापक आहे, असे कारण देण्यात आले. कॅलिफोर्नियाच्या १ जानेवारी २०२० पासून अमलात आलेल्या कायद्यात, पैसे घेतले नाहीत तरी अन्य मोलाच्या मोबदल्यात माहिती दिली, तर ती विक्रीच ठरते. जाहिरातींसाठी भागीदारांना काही माहिती ओळख पुसून दिली जाते, हे संस्थेने मान्य केले.

याला विश्वासघात म्हणायला मी धजत नाही. पण कायद्याची व्याख्या मला मुळीच विचित्र वाटत नाही. आमच्या गावी भात देऊन मडकी घेत. त्याला कोणी दान म्हणत नसे. व्याख्येमुळे शब्द पाळता येत नाही असे जो म्हणतो, त्याने एकतर तो न तोलता दिला होता, किंवा त्याचा व्यवहार पुढे निघून गेला होता.

आणि मामांनी दाखवलेली ओळ या अटींतही आहेच! अटी वेळोवेळी बदलता येतील आणि तुम्ही वापर चालू ठेवलात की बदल तुम्हांस मान्य आहे असे धरले जाईल.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात आपणां सीमाभागातील लोकांनी लक्षात ठेवावी अशी एक तरतूद आहे. माहितीबाबतची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय माणसाला दिला पाहिजे. त्या परिशिष्टात मराठी आहे, कन्नडही आहे. पण भाषा आपली असली, तरी कोणीतरी बसून वाचल्याशिवाय कागद बोलत नाही. फायरफॉक्सचे ते वाक्य दोन दिवसांत बदलले, ते काही लोकांनी कंटाळा न करता वाचून इतरांना दाखवले म्हणूनच.

त्या दिवशी आम्ही त्या अटी वाचल्या. मुलगा इंग्रजी वाचत होता, मी मराठीत अर्थ सांगत होतो. घरी कन्नड बोलणाऱ्या एका मुलीने मध्येच एका शब्दाला नेमका कन्नड प्रतिशब्द सांगितला. तास संपायला आला, तेव्हा 'मान्य' दाबले. अट बदलण्याच्या हक्काचे वाक्य मुलाने संगणक खोलीच्या नोंदवहीत तारीख घालून उतरवून ठेवले आहे. पुढल्या जूनमध्ये ते ताडून पाहायचे ठरले आहे.