पाचवं चाक

मोठ्या ट्रेलरला ओढणारा जो पुढचा इंजिनवाला भाग असतो, त्याला आपल्याकडे ड्रायव्हर मंडळी 'घोडा' म्हणतात. इथे अमेरिकेत हा घोडा आणि ट्रेलर जिथे जोडले जातात, त्या लोखंडी तबकडीला 'फिफ्थ व्हील' म्हणतात, म्हणजे पाचवं चाक. गंमत अशी की ते चाक नाहीच, रस्त्याला कधी टेकतही नाही. शिवाय ट्रकला चाकं अठरा, मग हे 'पाचवं' कुठून आलं?

आलं घोडागाडीतून. दोन चाकांच्या टांग्याला वळताना अडचण नसते. पण चारचाकी गाडी, उदाहरणार्थ जुन्या मुंबईतली व्हिक्टोरिया, वळवायची तर पुढचा आस गाडीखाली फिरायला हवा. त्यासाठी आस आणि सांगाडा यांच्यामध्ये वंगण लावलेलं लोखंडी कडं आडवं बसवत. चार उभी चाकं आणि हे एक आडवं, म्हणून पाचवं. पुढे घोडे गेले, नाव राहिलं.

१९१४ साली डेट्रॉईटमध्ये फ्रेडरिक सिब्ली या लाकडाच्या व्यापाऱ्याला आपली होडी न्यायची होती. जवळ होती फोर्डची मॉडेल टी. त्याने ऑगस्ट फ्रुहॉफ या लोहाराला गाठलं. फ्रुहॉफने फोर्डच्या मागे जोडायची एक गाडी करून दिली आणि तिला नाव दिलं 'सेमी-ट्रेलर', कारण तिचा काही भार स्वतःच्या चाकांवर आणि काही पुढच्या गाडीवर. सिब्ली इतका खूश झाला की वखारीतल्या लाकडासाठीही त्याने तशाच गाड्या करून घेतल्या. १९१८ मध्ये फ्रुहॉफची ट्रेलर कंपनी उभी राहिली. त्याच दशकात चार्ल्स मार्टिनने पुढे-मागे डुलणारी तबकडी बाजारात आणली, त्यामुळे खाचखळग्यांत जोडावर येणारा ताण कमी झाला.

आजची रचना तशी साधी आहे. ट्रेलरच्या पोटाखाली साधारण दोन इंच जाडीची पोलादी पिन असते, तिला किंगपिन म्हणतात. तबकडीला मागच्या बाजूने खाच असते. ट्रक मागे घेतला की पिन खाचेत शिरते आणि जबडा तिला पकडतो. सोडताना ट्रेलरचे टेकू खाली करायचे, हवेचे पाईप आणि वायर काढायची, दांडा ओढायचा, की जबडा उघडतो.

माझ्या मते या शोधाचा खरा फायदा जोडण्यात नसून सोडण्यात आहे. माल उतरेपर्यंत महागडं इंजिन आणि ड्रायव्हर दोघांनीही ताटकळत बसायची गरज उरली नाही. भरलेला ट्रेलर सोडायचा, दुसरा जोडायचा आणि निघायचं. बैल सोडले की गाडी टेकूवर उभी, तसंच हे. माल्कम मॅक्लीन नावाचा ट्रकवाला आणखी पुढे गेला. २६ एप्रिल १९५६ ला त्याने ५८ पेट्या चाकांवरून सोडवून 'आयडियल एक्स' जहाजावर चढवल्या आणि न्यूअर्कहून ह्यूस्टनला पाठवल्या. कंटेनरचा जमाना तिथून सुरू झाला.

पण हीच सुटणारी गोष्ट कधीकधी सुटत नाही. ट्रकने ट्रेलरला ताणून धरलं असेल तर पिन जबड्यावर रेटून बसते आणि दांडा जागचा हलत नाही. मग माणसं हातोडा घेऊन खाली शिरतात. एका कॅम्पिंगच्या जागी मी असा प्रसंग पाहिला. शेजारचा म्हातारा ड्रायव्हर आला, ट्रेलरच्या चाकांना ठोकळे लावले, सगळ्यांना बाजूला केलं आणि ट्रक अगदी हळू मागे दाबून तिथेच ब्रेक लावला. ताण गेला, दांडा एका हाताने निघाला.

'सगळ्यांना बाजूला केलं' हे महत्त्वाचं, कारण त्यामागे अमेरिकन रेल्वेचा जुना इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात डबे जोडायला दुवा आणि खुंटी असे. दोन डब्यांच्या मधे उभं राहून कामगार हाताने खुंटी घालत. असंख्य लोकांची बोटं गेली, कित्येकांचे जीव गेले. ईलाय जॅनीने १८७३ मध्ये आपोआप जोडणाऱ्या कपलिंगचं पेटंट घेतलं, पण कायदा यायला १८९३ उजाडलं. त्या कायद्यात जोडण्याबरोबर सोडण्याचाही उल्लेख आहे, की माणसाला डब्यांच्या मधे जावं न लागता डबे सुटले पाहिजेत.

तरीही १९०० साली युटामधल्या प्रॉमॉन्टरीला जॉन्सन नावाच्या ब्रेकमनचा हात चिरडला. इंजिनावर जॅनीचं कपलिंग होतं, डब्यावर मिलरचं. दोन्ही आपोआप जोडणारी, पण एकमेकांशी जुळेनात, म्हणून तो मधे गेला. अपील कोर्टाने म्हटलं, कपलिंग बसवली होती ना, मग कायदा पाळला. १९०४ मध्ये सुप्रीम कोर्टाने हा निकाल फिरवला. नुसती बसवून काय उपयोग, माणसाला मधे जावं लागता कामा नये, असा त्याचा अर्थ.

ट्रकच्या पाचव्या चाकाचा दांडा ओढायला मात्र आजही बऱ्याच ड्रायव्हरना वाकून ट्रेलरखाली हात घालावा लागतो. त्यासाठी बाजारात एक लांब आकडा मिळतो. दिसायला अगदीच साधा आहे, पण जबडा अडकलेला असताना हात आणि शरीर बाहेर ठेवतो.