एका जनुकाला दिल्लीचे नाव कसे मिळाले? #थ्रेड

१/ डिसेंबर २००७. भारतीय वंशाचे एक स्वीडिश नागरिक दिल्लीस आले आणि येथे रुग्णालयात दाखल झाले. जानेवारी २००८ मध्ये ते मायदेशी परतले, तेव्हा त्यांच्या मूत्रात क्लेबसिएला न्यूमोनिए हा जीवाणू आढळला. अखेरचे अस्त्र म्हणून राखून ठेवलेली कार्बापेनेम गटातील प्रतिजैविकेही त्याच्यापुढे निष्प्रभ ठरली.

२/ या जीवाणूपाशी एक नवे जनुक होते. त्यापासून घडणारे विकर औषधाच्या रेणूतील बीटा-लॅक्टम वलयच तोडून टाकते. त्याहून गंभीर बाब म्हणजे हे जनुक प्लाझ्मिडवर, म्हणजे जीवाणू परस्परांना देऊ शकतात अशा डीएनएच्या लहानशा वर्तुळावर होते. त्याच रुग्णाच्या विष्ठेतील ई. कोलाय या निराळ्या जीवाणूतही ते सापडले.

३/ २००९ मध्ये टिमोथी वॉल्श व सहकाऱ्यांनी त्याचे नामकरण केले: न्यू दिल्ली मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज-१, अर्थात एनडीएम-१. शहराचे नाव देणे नवे नव्हते. अशाच विकरांना पूर्वी वेरोना व साओ पावलो यांची नावे मिळाली होती.

४/ ऑगस्ट २०१० मध्ये 'लॅन्सेट इन्फेक्शियस डिसीजेस'ने भारत, पाकिस्तान व ब्रिटनमधील रुग्णांची माहिती छापली आणि वादळ उठले. भारत सरकारने तीव्र आक्षेप घेतला. वैद्यकीय पर्यटन बुडवण्याचा हा कट आहे, असाही आरोप झाला. जानेवारी २०११ मध्ये 'लॅन्सेट'चे संपादक रिचर्ड हॉर्टन यांनी नावाबद्दल क्षमा मागितली. नाव मात्र आजही तेच आहे.

५/ या गदारोळात मुंबईचा पुरावा झाकोळला. हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी मार्च २०१० मध्येच, तोही भारतीय नियतकालिकात, आपला अहवाल प्रसिद्ध केला होता. ऑगस्ट ते नोव्हेंबर २००९ या काळात त्यांना कार्बापेनेमला न जुमानणारे २४ जीवाणू मिळाले. त्यांपैकी २२ एनडीएम-१ बाळगणारे होते. कटाचा आरोप करणाऱ्यांनी हा अहवाल चाळला असता, तरी पुरेसे होते.

६/ एप्रिल २०११ मध्ये वॉल्श यांच्या चमूने दिल्लीतील पाण्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. साचलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये आणि नळाच्या ५० पैकी २ नमुन्यांत हे जनुक होते. प्रश्न आता केवळ रुग्णालयाचा उरला नव्हता.

७/ मार्च २०१४ पासून 'शेड्यूल एच-१' लागू झाले. कार्बापेनेमसह ठरावीक औषधे विकताना डॉक्टर व रुग्ण यांची नावे वेगळ्या नोंदवहीत लिहून ती वही तीन वर्षे जपणे बंधनकारक ठरले; मुंबईच्या मोठ्या रुग्णालयाशेजारच्या दुकानाला जसे, तसेच सोलापूर जिल्ह्यातील वैरागच्या बाजारपेठेतील दुकानालाही.